इंग्रजी एस्सेचा प्लॅन म्हणजे नक्की काय लिहायचं? (लेक नववीत)

शाईचा डाग
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून लिहितोय. लेक नववीत. इंग्रजी चांगलं आहे, स्पेलिंग ग्रामरला कुणी नाव ठेवत नाही, पण एस्से म्हटला की वहीत दर वेळी लाल शाईत तोच शेरा, 'यू हॅव नॉट आन्सर्ड द क्वेश्चन'. मागच्या आठवड्यातला प्रॉम्प्ट होता 'ऑनेस्टी इज ऑलवेज द बेस्ट पॉलिसी. टू व्हॉट एक्स्टेंट डू यू अग्री?' आणि हिने दोन पानं भरून प्रामाणिकपणा किती चांगला ते लिहिलं. मी वाचलं, मला तर आवडलं, उत्तर दिलं नाही म्हणजे काय ते मलाच कळेना. बाई म्हणाल्या आधी प्लॅन कर मग लिही. तर हिचा प्लॅन असा, समासात पेन्सिलीने: इंट्रो, फायदे, तोटे, कन्क्लुजन. संपला प्लॅन. वही मागे चाळली तर टुरिझमच्या एस्सेला पण हेच चार शब्द आणि त्याच्या आधी युनिफॉर्मच्या एस्सेला पण हेच.
तर विचारायचं हे की प्लॅन म्हणजे नेमकं काय लिहायचं असतं, आणि ४५ मिनिटांच्या पेपरात ते परवडतं का?

तिरपागडा
चार शब्द म्हणजे चैन आहे. आमचा प्लॅन तीन शब्दांचा असायचा, 'देवा आता सांभाळ'. बसतो इथेच पहिल्या बाकावर, येऊ द्या.

निवांत
मी आयुष्यात कधी प्लॅन करून निबंध लिहिला नाही आणि मार्क कधी कमी पडले नाहीत. पोरांना आधीच इतक्या गोष्टींचं टेन्शन, त्यात आता लिहायच्या आधी लिहायचं. मुळात एस्से हा शब्द ज्याच्यापासून रूढ झाला त्या माँतेनने १५८० साली आपलं पुस्तक काढलं तेव्हा फ्रेंचमध्ये 'एस्से' म्हणजे निव्वळ प्रयत्न, करून बघणं. तो माणूस एका विषयावर सुरू करायचा आणि कुठल्या कुठे जायचा, म्हणून तर वाचायला मजा. लिहिता लिहिता सुचतं हो, लिहू द्या तिला.

खडूवाली
निवांत, माँतेनला ४५ मिनिटांनी घंटा होत नव्हती. आणि तो एकदा लिहून मोकळा झाला असंही नाही, १५९२ मध्ये जाईपर्यंत त्याच पुस्तकात भर घालत बसला होता. तेवढा वेळ मिळणार असेल तर माझ्याही वर्गात कुणी प्लॅन करू नका म्हणेन मी. बाकी आपला शब्द बघा, निबंध, म्हणजे बांधलेला. परीक्षेत तो लागतो.

शाईचा डाग, मी माध्यमिकला इंग्रजी शिकवते, असे चार शब्दांचे प्लॅन रोज बघते. 'इंट्रो फायदे तोटे कन्क्लुजन' हा प्लॅन नाहीच, ती खोक्यांवरची लेबलं आहेत आणि खोकी रिकामी. कुठल्याही विषयाला चालतो म्हणजेच कुठल्याच विषयाचा नाही. तुमच्या लेकीने प्रामाणिकपणा या विषयावर लिहिलं, प्रश्न राहिला बाजूला.

आता तो प्रॉम्प्टच घेऊ. मी मुलांना पेन खाली ठेवायला लावते आणि विचारते यातला कुठला शब्द काढला तर वाक्य बिनवादाचं होईल? ऑलवेज काढा. 'प्रामाणिकपणा चांगलं धोरण आहे', यावर कोण भांडणार? म्हणजे भांडण 'ऑलवेज'मध्ये आहे, त्याच्याखाली रेघ. मग 'पॉलिसी'. हा शब्द शंभरातले नव्वद जण वाचतच नाहीत. प्रश्न असा नाहीये की प्रामाणिकपणा चांगला गुण आहे का, प्रश्न असा की ते चांगलं धोरण आहे का, म्हणजे त्याने शेवटी काम होतं का, परवडतं का. गुण म्हणून लिहिलंत तर मूल्यशिक्षणाचा तास होतो, धोरण म्हणून लिहिलंत तर एस्से होतो. आणि तिसरं 'टू व्हॉट एक्स्टेंट', हा माप मागतोय. सोळा आणे सहमत की बारा आणे, आणि बारा असाल तर ते चार आणे कुठे अडकले ते सांगा. हो किंवा नाही एवढंच लिहिलं तर मापाचं उत्तर दिलंच नाही, बहुतेक तुमच्या लेकीच्या शेऱ्याचा अर्थ एवढाच असावा.

एवढं झालं की कागदावर एकच वाक्य लिहायचं, मी त्याला जरी-तरीचं वाक्य म्हणते. जरी अमुक खरं असलं तरी माझ्या मते तमुक, कारण ढमुक. इंग्रजीत 'ऑल्दो'ने सुरू होतं. जरी-तरी मुळे समोरच्याचं म्हणणं आपोआप वाक्यात येतं आणि 'कारण' मुळे एस्सेची दिशा. ते वाक्य जमत नसेल तर पॅरेग्राफ पाडून काही उपयोग नाही, घोडं आधी गाडी मागून.

वेळेचं म्हणाल तर प्रॉम्प्ट आणि जरी-तरीला ३ मिनिटं, मुद्दे आणि त्यांचा क्रम ५, लिहायला ३०, वाचून चुका काढायला ५. उरलेली २ मिनिटं पेन सापडायला.

परीघ
खडूवालीताई +१, पॉलिसीचा मुद्दा भारी आहे, मी पण तो शब्द कधी वाचला नव्हता.
निवांत म्हणतायत त्यातही अर्धं खरं आहे पण. लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांचा १९८१ चा पेपर आहे, त्यांनी लोकांना लिहिताना जे डोक्यात येतंय ते मोठ्याने बोलायला सांगितलं आणि ते तपासलं, तर आधी प्लॅन मग लेखन मग दुरुस्ती असा सरळ जिना कुणी चढतच नाही, लिहिता लिहिता माणूस परत प्लॅनकडे जातो, हेतूच बदलतो, परत लिहितो. तेव्हा प्लॅन केला म्हणजे त्याला चिकटून राहायचं असं मुलीला वाटू देऊ नका. पेन्सिलीने करते ते बरोबरच आहे.

निवांत
बघा, मी म्हणालो होतो.

खडूवाली
अर्धं, निवांत, अर्धं. परत जायला आधी काहीतरी कागदावर असावं लागतं.

आजोळ
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, धागा भरकटवायचा नाहीये पण इथे बरेच पालक असतील म्हणून विचारते. प्लॅन मराठीत करावा का इंग्रजीत? आमच्याकडे मुलाला सुचतं सगळं मराठीत, तो मराठीत कच्चं लिहितो आणि मग भाषांतर करत बसतो. मागे एकदा 'पाण्यात राहून माशाशी वैर' हे त्याने शब्दशः इंग्रजीत घातलं होतं, पाणी, मासा, शत्रुत्व सगळं, तर त्या मॅडमनी समासात नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. एवढं मोठं. मला हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं, कारण मराठीत तो मुद्दा अगदी चपखल होता हो.

खडूवाली
आजोळ, सुचू दे की मराठीत, तिथे अडवलं तर काहीच सुचणार नाही आणि मग पाठ केलेली वाक्यं येतात. मुद्दे मराठीत, अर्धवट, बाण काढून, कसेही चालतील. फक्त दोन गोष्टी प्लॅनमध्येच इंग्रजीत करून ठेवायच्या, जरी-तरीचं वाक्य आणि प्रत्येक पॅरेग्राफचं पहिलं वाक्य. म्हणजे पाच वाक्यं झाली. तिथे डोकं गार असतं तेव्हा भाषांतराची गरज पडत नाही, माणूस सरळ साधं इंग्रजी लिहितो. पॅरेग्राफच्या मध्यात घाईत असताना मराठी वाक्य उलटवायला गेलं की मासा पाण्याबाहेर येतो.
म्हणीचं म्हणाल तर म्हण सोडायची, म्हणीतला अर्थ ठेवायचा. 'ज्या लोकांत रोज वावरायचं त्यांच्याशी वाकडं घेऊन चालत नाही' एवढं इंग्रजीत सहज येतं.

तिरपागडा
अवांतर: ऑनेस्टीच्या एस्सेत 'नरो वा कुंजरो वा' घालता येईल का? धर्मराज खोटं बोलला नाही, अश्वत्थामा नावाचा हत्ती मेलाच होता, तरी चार अंगुळं वर चालणारा रथ जमिनीवर आलाच. मला तर हे सगळ्यात भारी उदाहरण वाटतं.

खडूवाली
अवांतर कुठे, अगदी मुद्द्यावर आहे, पहिल्यांदाच बहुतेक :) यात शब्द खरे आणि हेतू फसवण्याचा, म्हणजे ऑनेस्टी कशाला म्हणायचं हा प्रश्न पुढे येतो, आणि असा एखादा पेच ज्या एस्सेत असतो तो तपासताना आम्ही पण जरा सावरून बसतो. फक्त वाचणाऱ्याला कथा माहीत नाही असं धरून दोन वाक्यांत सांगता आली पाहिजे. द्रोण कोण अश्वत्थामा कोण यात आठ ओळी गेल्या तर ते उदाहरण कितीही लाडकं असो, सोडायचं.

मधली सुट्टी
मी दहावीत आहे. मला जरी-तरी कळलं पण कवितेवरचा एस्से असतो त्याचं काय? 'हाऊ डझ द पोएट प्रेझेंट लॉस' असं येतं. तिथे सहमत असहमत नसतंच ना?

खडूवाली
तिथे क्रम उलटा रे. आधी कवितेतले शब्द गोळा कर, चार-पाच पुरेत, आणि मग त्यावरून उत्तराचं वाक्य. 'हाऊ' विचारलंय म्हणजे कवीने काय केलं ते हवं, गोष्ट काय घडली ते नको. कविता सुरुवातीला आणि शेवटाला सारखीच आहे का बघ, बहुधा कुठेतरी वळते, ते वळण सापडलं की प्लॅन निम्मा झाला. जास्त हवं असेल तर वेगळा धागा काढ, इथे नववीवाल्यांचं राहून जाईल.

शाईचा डाग
खूप धन्यवाद सगळ्यांचे. काल रात्री लेकीला बसवून त्याच प्रॉम्प्टवर परत प्लॅन करायला लावला. आधी नाक मुरडलं, 'बाबा तो एस्से झालाय देऊन', मग पॉलिसीचा मुद्दा सांगितल्यावर जरा इंटरेस्ट आला. घड्याळ लावून केलाय, ११ मिनिटं लागली. जसा आहे तसा देतो, इंग्रजीत आहे तो मी मराठीत करून टाकतोय:

*उत्तर: जरी खोटं बोलून तात्पुरती सुटका होत असली तरी प्रामाणिकपणाच शेवटी परवडतो, कारण खोटं कधी ना कधी उघडं पडतं.*
*१. मैत्रिणीला खोटं कारण सांगितलं, एक लपवायला तीन खोटी बोलावी लागली, पकडले गेलो*
*२. कंपनीने वस्तूतला दोष लपवला, लोकांना कळलं, गिऱ्हाईक गेलं*
*३. पण कधी कधी खोटं चालतं, कुणाचं मन राखायला*
*४. म्हणून ऑनेस्टी इज द बेस्ट*

मला तरी हे आधीच्यापेक्षा शंभरपट बरं वाटतंय. फाडा आता.

परीघ
छान आहे की! विशेषतः 'एक लपवायला तीन'.

खडूवाली
फाडत नाही, पण दोन ठिकाणी बोट ठेवते. आधी हे सांगा तिला की उत्तराचं वाक्य खरंच उत्तर आहे, हा शेरा आता तिला मिळणार नाही.

आता बोट एक. १ आणि २ ची अदलाबदल करून बघा. मैत्रीण खाली, कंपनी वर. काही बिघडलं का? नाही ना. म्हणजे ते दोन मुद्दे नाहीतच, एकाच मुद्द्याची दोन उदाहरणं आहेत, 'खोटं पकडलं जातं'. मी हे मुलांना चिठ्ठ्यांवर करायला लावते, प्रत्येक पॅरेग्राफचं पहिलं वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर, मग चिठ्ठ्या पिसायच्या. कुठल्याही क्रमाने लागल्या तरी चालत असेल तर ती यादी आहे. एस्सेत दुसरी चिठ्ठी पहिलीशिवाय उभी राहता कामा नये.

बोट दोन, आणि हे जास्त मोठं आहे. तिचा सगळा डोलारा उभा आहे 'कधी ना कधी उघडं पडतं' यावर. मग जे खोटं कधीच उघडं पडत नाही त्याचं काय? तशी असतात की, भरपूर असतात. विरोधी बाजू तिने घेतलीय ती मन राखायच्या खोट्याची, ती सोपी आहे, त्यावर सगळेच लिहितात, कुणाचा नवा ड्रेस आवडला नाही तरी आवडला म्हणायचं वगैरे. खरा विरोधक म्हणेल, मी पकडलाच गेलो नाही, आता बोल. याला तिचं उत्तर काय? ते विचारा, सांगू मात्र नका.

निवांत
बाप रे. हे नववीच्या मुलीला विचारायचं?

खडूवाली
नववीच्या मुलीलाच विचारायचं, मोठी माणसं उत्तर टाळतात.

परीघ
हे ऐकून टूलमिन आठवला. स्टीफन टूलमिन, १९५८, त्याने युक्तिवादाचे तुकडे केले होते, दावा एक, पुरावा दोन, आणि पुराव्यावरून दाव्यावर का उडी मारता येते ते सांगणारा तिसरा तुकडा, त्याला तो वॉरंट म्हणतो. तो तिसरा बहुतेक वेळा न बोललेलाच असतो आणि नेमका तिथेच फटका बसतो. इथे पुरावा 'कंपनी पकडली गेली', दावा 'प्रामाणिकपणा परवडतो', आणि न बोललेलं हे की 'सगळेच पकडले जातात'. ताईंनी तेच उपसून काढलं.

खडूवाली
मी वर्गात त्याला 'मग काय?' म्हणते. मुद्दा लिहिला की शेजारी स्वतःलाच विचार, मग काय? कंपनीचं गिऱ्हाईक गेलं. मग काय? उत्तर प्रश्नापर्यंत पोचलं नाही तोवर विचारत राहा. टूलमिनचं नाव घेतलं तर निम्मा वर्ग खिडकीबाहेर बघतो.

आजोळ
आमच्याकडे 'मग काय?' विचारलं की 'मग काय, काही नाही' असं उत्तर येतं :D
पण चिठ्ठ्यांचं आज करून बघितलं, जेवणाच्या टेबलावर. मुलाच्या जुन्या एस्सेची पाच वाक्यं कापली आणि धाकटीला लावायला दिली. तिने कन्क्लुजन पहिलं लावलं आणि म्हणाली हेच बरं वाचतंय. मुलगा चिडला पण दोन मिनिटांनी स्वतःच म्हणाला, आई खरंच बरं वाचतंय, कारण मला काय म्हणायचंय ते मला शेवटीच कळलं होतं.

खडूवाली
आजोळ, हे मी उद्या वर्गात सांगणार, मुलाचं नाव न घेता. निवांत, इथे तुमचा मुद्दा मी मान्य करते. लिहिता लिहिता कळतं हे खरंच आहे, म्हणून घरी सराव करताना उलटं पण करून बघावं, आधी बेधडक पानभर लिहायचं, शेवटी जे सापडेल ते वाक्य उचलायचं आणि ते वर ठेवून नव्याने प्लॅन करायचा. घरी वेळ असतो. पेपरात एकदाच लिहायला मिळतं, म्हणून ते शेवटी कळणारं वाक्य आधी काढून घ्यायचं, बास.

निवांत
नोंद घेतली आहे. स्क्रीनशॉट पण.

शाईचा डाग
उशीर झाला उत्तराला. विचारलं तिला, पकडलंच नाही तर काय. आधी म्हणाली असं होत नाही. मग मी गप्प बसलो (अवघड गेलं, सांगतो). मग बऱ्याच वेळाने म्हणाली, बाबा, मागच्या वर्षी मी एकीला खोटं सांगितलं होतं ते तिला अजून माहीत नाही, पण ती मला काही सांगायला लागली की मला वाटतं ही पण खोटं बोलत असेल. म्हणजे पकडलं नाही तरी काहीतरी गेलंच ना? मी काय बोलणार. म्हटलं लिही. मग तिने जुना प्लॅन खोडला आणि कंपनी काढून टाकली, तिचीच आवडती होती ती. आता क्रम असा आहे: पकडलेलं खोटं, मग न पकडलेलं खोटं, मग जिथे खरं सांगितल्याने तिसऱ्याच कुणाला इजा होईल तिथे काय, आणि तिथे ती म्हणते हे तिचे चार आणे. चिठ्ठ्या पिसून बघितल्या, दुसरी पहिल्याशिवाय उभी राहत नाही.
एकच अडचण, ८ मिनिटांत हे कसं बसायचं? यावेळी आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या.

खडूवाली
अहो पहिल्यांदा लागणारच. आता रोज एक प्रॉम्प्ट घ्या, एस्से लिहायचाच नाही, नुसता प्लॅन, जरी-तरी आणि चार पहिली वाक्यं, की वही बंद. आठवड्याला एकच पूर्ण लिहायचा. पूर्ण एस्से तपासायला मला वीस मिनिटं लागतात आणि प्लॅन तपासायला दोन, त्यामुळे तिच्या बाई पण खुशीने बघतील. आणि ती मैत्रिणीची गोष्ट एस्सेत घालायची का ते तिच्यावर सोडा. नाव बदलून, किंवा 'एखादा माणूस' करून पण मुद्दा तोच राहतो.

मधली सुट्टी
मी पण केला उद्याच्या टेस्टसाठी. प्रॉम्प्ट आहे 'यंग पीपल टुडे नेव्हर लिसन टू देअर एल्डर्स. डिस्कस'. माझं वाक्य: जरी मुलं मोठ्यांचं लगेच ऐकत नसली तरी नंतर ऐकतात, कारण अनुभव आला की पटतं. बरोबर आहे का?

खडूवाली
छान. 'नेव्हर'ला हात घातलास, आता 'टुडे' उरला. आधीची मुलं ऐकायची का?

मधली सुट्टी
थांबा, घरात विचारून येतो.